शिकारीच्या नादातून पक्ष्यांकडे वळलेल्या सलीम अलींनी लोकांच्या हातात बंदुकीऐवजी दुर्बीण दिली

हिंगोली जिल्ह्यातलं शिरड शहापूर. औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळं लांबलांबून लोक इथं येतात. औंढ्याला ज्योतिर्लिंगाचं दर्शन घ्यायचं, शिरडला यायचं आणि वेळ उरला तर सिद्धेश्वर धरणावर चक्कर मारायची, असा अनेकांचा रविवारचा बेत असतो.

धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात आणखी एक गर्दी असते, पाहुण्या पक्ष्यांची. त्यांना शांतता हवी असते, आपल्याला सेल्फी हवा असतो. आता निसर्गात माणसानं मजा करायची की नाही, आणि करायची तर किती, हा वाद काही आजचा नाही. आपल्याकडं हा वाद ज्या माणसानं जवळपास सगळं आयुष्य अंगावर घेतला, तो माणूस म्हणजे सलीम अली.

आणि त्यांचा मराठवाड्याशी थेट संबंध आहे.

गोष्ट १९३१ ची. तेव्हा शिरड शहापूर, हिंगोली, परभणी हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात पक्षी कुठले आहेत, किती प्रकारचे आहेत, कुठं घरटी करतात, याची नीट नोंद कुणाकडंच नव्हती. पस्तिशीतला एक बेरोजगार माणूस पुढं आला. त्याची ऑफर साधी होती. मला पगार नको, फिरण्याचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या, मी तुमच्या संस्थानातले पक्षी मोजून देतो. निजाम सरकारनं होकार दिला. त्यातून हैदराबाद संस्थानाची पक्षी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापून आले.

तेव्हा सिद्धेश्वर धरण नव्हतं, येलदरी नव्हतं, पैठणचा नाथसागर तर कुणाच्या स्वप्नातही नव्हता. म्हणजे आज मराठवाड्यात जिथं हौशी लोक पक्षी बघायला जातात, त्यातलं बरंचसं पाणीच सलीम अलींच्या पाहणीवेळी अस्तित्वात नव्हतं. पूर्णा वाहत होती, गोदावरी वाहत होती, गावोगाव तळी होती आणि बाकी माळरान.

पण हा बिनपगारी माणूस इथपर्यंत आला कसा, त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

एका चिमणीमुळं सगळं सुरू झालं

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. सुलेमानी बोहरा कुटुंब, भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मग मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामींनी खेतवाडीतल्या घरात या सगळ्या पोरांना वाढवलं.

मामा शिकारीचे शौकीन. त्या काळात जरा बऱ्या घरात शिकार म्हणजे आजच्या ट्रेकिंगसारखी गोष्ट होती. सुट्टी आली की बंदुका घ्यायच्या, डबे बांधायचे आणि रानात जायचं. पोराला मामानं छर्ऱ्याची बंदूक घेऊन दिली. पोरगं चिमण्या मारत हिंडायचं. दहा-अकरा वर्षांचं असताना एक दिवस त्यानं मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. ही खायला चालेल का, असा प्रश्न पडला, कारण घरातले खाण्यापिण्याचे नियम पाळायचे होते. मामालाही काही ओळखू येईना. त्यांनी चिठ्ठी लिहून पोराला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं.

तिथं सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. इंग्रज साहेबाच्या केबिनमध्ये जायचं म्हणून पोरगं घाबरलेलं. पण मिलार्डनं त्याला हाकललं नाही. पक्षी ओळखून दिला, मग कपाटातले कप्पे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकंही दिली.

मिलार्डला त्या दिवशी कंटाळा आला असता आणि त्यानं पोराला दारातूनच परत पाठवलं असतं, तर भारताच्या पक्षीशास्त्राचं काय झालं असतं, कुणास ठाऊक.

या सोसायटीबद्दलही थोडं सांगायला पाहिजे. १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जणांनी ती सुरू केली. त्यात सहा इंग्रज आणि दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. सोसायटीच्या सभासदांत शिकारी भरपूर. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण प्राण्यांची सगळ्यात बारीक माहिती तेव्हा शिकाऱ्यांकडंच असायची आणि प्राणी कमी होत चाललेत हेसुद्धा आधी त्यांच्याच लक्षात आलं. मारणारे आणि वाचवणारे असे दोन वेगळे गट तेव्हा नव्हतेच. सलीम अली या वातावरणात तयार झाले. त्यांच्या पुढच्या भूमिका समजून घ्यायच्या तर हे ध्यानात ठेवावं लागतं.

शाळेत ते यथातथाच. १९१३ ला मॅट्रिक झाले. कॉलेजात गणितानं दमवलं, तेव्हा भावाला मदत करायला ब्रह्मदेशात गेले. तिथं टंगस्टनच्या खाणीचा धंदा होता. धंदा काही नीट झाला नाही, पण रानात भटकणं जोरात झालं. १९१७ ला परत आले, व्यापाराचं शिक्षण घ्यायला लागले. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी हेरलं की या मुलाचा जीव हिशोबाच्या वह्यांत नाही, आणि त्याला प्राणिशास्त्राकडं वळवलं. १९१८ मध्ये तेहमिनांशी लग्न झालं.

विद्यापीठाची पदवी हातात नव्हती, त्यामुळं पक्षीशास्त्रज्ञाची सरकारी नोकरी मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड लेक्चरर म्हणून लागले. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांनी अभ्यासरजा घेऊन बर्लिनला गेले. तिथं प्रोफेसर एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले आणि १९३० मध्ये परतले. आल्यावर कळलं की पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालीय.

मुंबईत नोकरीशिवाय राहणं परवडेना. मग अलिबागजवळच्या किहीमला तेहमिनांच्या घरच्यांचं घर होतं, तिथं मुक्काम हलवला. पावसाळ्याचे दिवस होते आणि घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सलीम अली शिडीवर बसून तासन्‌तास ती बघत राहिले.

आपल्याकडं सुगरण म्हटलं की घरटं विणणारी मादीच डोळ्यासमोर येते, नावच तसं आहे. पण विणकाम करतो नर. तो घरटं अर्धवट विणतो, मग माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला घर पसंत पडलं की तो ते पूर्ण करतो, मादी आत बसते आणि हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सलीम अलींनी हे सगळं तारीखवार टिपलं. त्या अभ्यासानं त्यांचं नाव जगभरच्या पक्षी अभ्यासकांत पोचलं. बेरोजगारीत केलेलं काम होतं हे.

त्यानंतर लगेच हैदराबादची पाहणी आली. मग कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थानांमागून संस्थानं झाली. तेहमिना बरोबर असायच्या. तंबूत राहायचं, पहाटे उठून रानात जायचं, संध्याकाळी नोंदी करायच्या. त्या भटकंतीचा अर्धा भार तेहमिनांनी उचलला होता, हे सांगायचं राहून जातं. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन यांच्या वांद्र्याच्या घरी ते राहायला गेले आणि उरलेलं आयुष्य पक्ष्यांना दिलं.

राजांना पटवण्याची कला

या पाहण्यांमधून एक गोष्ट झाली, जी पुढं फार कामाला आली. सलीम अलींची राजेरजवाड्यांशी, दिवाणांशी, जंगल अधिकाऱ्यांशी ओळख झाली. ते कुणाला शिव्या घालत नव्हते. शिकारी राजा असेल तर त्याच्या शिकारीच्या गप्पा ऐकायचे, आणि त्याच गप्पांतून त्याला पक्षी राखायला लावायचे.

म्हैसूरचं उदाहरण घ्या. श्रीरंगपट्टणजवळ कावेरीच्या पात्रात छोटी छोटी बेटं आहेत. सतराव्या शतकात नदीला घातलेल्या बंधाऱ्यामुळं तयार झालेली. तिथं बगळे, चित्रबलाक, चमचे असे पक्षी हजारोंनी घरटी करतात. सलीम अलींच्या ते नजरेस आलं. त्यांनी म्हैसूरच्या वोडेयार राजाला सांगितलं आणि १९४० मध्ये रंगनथिट्टू पक्षी अभयारण्य जाहीर झालं. आज तिथं जाणाऱ्याला वन खात्याच्या नावेतून फिरवतात. नाव बेटाच्या जवळून जाते, पण बेटावर उतरू देत नाहीत. पर्यटक खूश, पक्षी निवांत, नाववाल्याला रोजगार. हे सूत्र तिथं टिकलं, कारण जागा लहान आहे आणि मध्ये पाणी आहे.

जिथं मध्ये पाणी नसतं, माणसांची गावं असतात, तिथं काय होतं ते भरतपूरनं दाखवलं.

दरम्यान १९४१ मध्ये त्यांचं द बुक ऑफ इंडियन बर्ड्स हे पुस्तक आलं. रंगीत चित्रं, पक्षी कसा ओळखायचा, कुठं सापडतो, काय खातो, हे सगळं सोप्या भाषेत. तोवर पक्ष्यांवरची पुस्तकं अभ्यासकांसाठी आणि साहेबांसाठी असायची. हे पुस्तक शाळेतल्या पोरापासून पोस्टमास्तरपर्यंत कुणालाही वापरता येत होतं. शिकारीशिवायही रानात जाण्यात मजा आहे, हे हजारो लोकांना या पुस्तकानं शिकवलं. ज्याच्याकडं बंदुकीचा परवाना नाही, संस्थान नाही, जीप नाही, तोही आता सकाळी सहाला तळ्यावर जाऊन चार पक्षी ओळखून येऊ लागला. पक्षिनिरीक्षण हा मध्यमवर्गाचा छंद झाला तो इथून.

या पुस्तकाचा एक वाचक तुरुंगात होता. जवाहरलाल नेहरू. डेहराडूनच्या तुरुंगातून त्यांनी ते आपल्या मुलीला, इंदिरेला पाठवलं, तेव्हा तीही नैनीच्या तुरुंगात होती. इंदिरा गांधींना पक्ष्यांचा नाद लागला तो तेव्हापासून. १९५० मध्ये दिल्लीत पक्षिनिरीक्षकांची संस्था निघाली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत त्या होत्या. बाप आणि लेक दोघंही पुढं पंतप्रधान झाले आणि सलीम अलींचं पत्र दोघांनीही गांभीर्यानं घेतलं. स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी पैशाअभावी बंद पडायची वेळ आली होती. सलीम अलींनी नेहरूंना लिहिलं आणि मदत मिळाली.

एक किस्सा सांगायलाच पाहिजे. या सडपातळ, दाढीवाल्या म्हाताऱ्याला मोटारसायकलचं प्रचंड वेड होतं. हार्ले डेव्हिडसन झाली, सनबीम झाली. १९५० मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला पक्षीशास्त्रज्ञांची जागतिक परिषद होती. सलीम अलींनी सनबीम बोटीनं युरोपात नेली आणि परिषदेला मोटारसायकलवरून पोचले. हा माणूस भारतापासून गाडी चालवत आलाय, अशी अफवा तिथं पसरली. तेव्हा त्यांचं वय होतं ५३.

भरतपूरचा तो दगड

राजस्थानातल्या भरतपूरला केवलादेवचं घाना आहे. साधारण २९ चौरस किलोमीटरचा उथळ पाणथळ भाग. भरतपूरच्या राजांनी कालवे आणि बांध घालून तो वाढवला, तो मुळी बदकांच्या शिकारीसाठी. व्हाइसरॉय आले की त्यांची बडदास्त म्हणजे घान्यात शिकार. कुणी कधी किती पक्षी मारले, हे तिथं दगडावर कोरून ठेवलंय आणि ते आजही वाचता येतं. सगळ्यात मोठा आकडा लॉर्ड लिनलिथगोच्या शिकारीचा आहे, एका दिवसात ४,२७३ पक्षी. तारीख १२ नोव्हेंबर १९३८. त्याच दिवशी सलीम अलींना ४२ वर्षं पूर्ण झाली होती.

स्वातंत्र्य आलं आणि भरतपूरमध्ये वेगळीच मागणी सुरू झाली. राजाच्या मौजेसाठी राखलेलं पाणी कशाला ठेवायचं? ते काढून टाका आणि जमीन शेतीला द्या. मागणी चुकीची होती असं सरसकट म्हणता येत नाही. धान्याचा तुटवडा होता, लोकांना जमीन हवी होती आणि ते तळं त्यांच्यासाठी राजेशाहीची खूण होतं. सलीम अली मध्ये पडले. हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियातून हजारो पक्षी इथं येतात, एकदा पाणी गेलं की ते परत आणता येणार नाही, हे त्यांनी नेहरूंपर्यंत पोचवलं. घाना वाचलं.

पण वाचवताना तडजोड झाली. १९५६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि त्याच वेळी महाराजांचा शिकारीचा हक्कही शाबूत राहिला. म्हणजे अभयारण्य आणि तिथंच शिकार! आज सोशल मीडियावर ही बातमी आली असती तर सलीम अलींना लोकांनी सोलून काढलं असतं. सलीम अलींचं गणित वेगळं होतं. शिकारीत काही हजार पक्षी मरतील, पण पाणी राहिलं तर ते पुन्हा येतील. पाणी गेलं तर एकही येणार नाही. आधी जागा वाचवा, बाकीचं हळूहळू बघू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राजाचा हक्कही संपला.

घान्यात सोसायटीनं पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं काम सुरू केलं. स्थलांतर करणारा पक्षी पकडायचा, पायात नंबर असलेली कडी अडकवायची आणि सोडून द्यायचं. हाच पक्षी पुढं रशियात कुणाला सापडला तर त्याचा रस्ता कळतो. १९५९ च्या सुमारास सुरू झालेल्या या कामाला जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा होता, कारण पक्ष्यांबरोबर रोगही प्रवास करतात का, हे त्यांना बघायचं होतं.

पण इजा न करता पक्षी पकडायचा कसा? ही विद्या शास्त्रज्ञांकडं नव्हती. ती होती बिहारच्या मीरशिकारांकडं. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारी ही माणसं. सलीम अलींनी त्यांनाच कामावर घेतलं. फासे तेच, जाळी तीच, फक्त पकडलेला पक्षी बाजारात जाण्याऐवजी हातातून पुन्हा आकाशात जायचा. सलीम अलींच्या सगळ्या कारकिर्दीत एवढी देखणी भागीदारी दुसरी सापडत नाही.

अशीच दुसरी भागीदारी भरतपूरच्या रिक्षावाल्यांशी झाली. उद्यानात पर्यटकांना सायकलरिक्षातून फिरवणाऱ्यांना पक्षी ओळखायचं प्रशिक्षण मिळालं. धूर नाही, आवाज नाही, आणि रिक्षा ओढणारा माणूस इंग्रजीत, हिंदीत आणि कधी कधी लॅटिनमध्येही पक्ष्याचं नाव सांगतो. परदेशी पाहुणे आपल्या वहीत त्यांची नावं लिहून न्यायचे.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. हा भाग सलीम अलींच्या बाजूनं जात नाही.

घान्याच्या भोवतालच्या गावांतली गुरं, मुख्यतः म्हशी, पिढ्यान्‌पिढ्या आत चरायची. १९८१ मध्ये घाना राष्ट्रीय उद्यान झालं आणि राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही. सलीम अलींचंही मत तेच होतं, गुरं आत नकोत. १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी चिडले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला आणि त्यात काही गावकऱ्यांचा जीव गेला. दूध विकून घर चालवणाऱ्यांच्या म्हशी एका रात्रीत बाहेर झाल्या होत्या. पर्यटक मात्र आत होते, तिकीट काढून.

आणि नंतर जे झालं ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. म्हशी गेल्या तसं पाण्यातलं गवत माजायला लागलं. म्हशी ते खाऊन आणि तुडवून आटोक्यात ठेवत होत्या. गवतानं उथळ पाणी झाकलं, मोकळं पाणी कमी झालं, तसे तिथं पोहणारे आणि मासे खाणारे पक्षी अडचणीत आले. हे सांगितलं कुणी? सलीम अलींच्याच सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी. १९८० पासून त्यांनी दहा वर्षं घान्याचा अभ्यास केला आणि चराईबंदीनं पक्ष्यांचं नुकसान झालं, असा निष्कर्ष काढला. अभ्यास पूर्ण झाला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. पुढं गावकऱ्यांना आत जाऊन गवत कापून न्यायला परवानगी मिळाली.

म्हणजे ज्या माणसानं राजाच्या शिकारीशी तडजोड केली, त्याला म्हशीवाल्यांशी तडजोड जमली नाही. राजाशी बोलायला पत्र आणि चहा पुरत होता. म्हशीवाल्यांची बाजू मांडायला त्या टेबलावर कुणी नव्हतंच. सलीम अलींना थोर मानणाऱ्यांनी हा भाग वगळला, आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी फक्त हाच भाग सांगितला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

माळढोक आणि महाराष्ट्र

महाराष्ट्रात हाच पेच माळढोकाच्या बाबतीत झाला. राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली तेव्हा सलीम अलींचं मत माळढोकाच्या बाजूनं होतं. माळरानावरचा हा मोठा, रुबाबदार पक्षी संपत चाललाय, राष्ट्रीय पक्षी केला तर वाचेल, असा त्यांचा विचार होता. १९६३ मध्ये मोर निवडला गेला. मोर सगळ्यांना माहीत होता, त्याला वाचवायची तेवढी घाई नव्हती. माळढोकाला होती.

१९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, या जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झालं. क्षेत्र किती? जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर. त्यात शेतं आली, गावं आली, रस्ते आले. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांचा राग माळढोकावर निघाला. पुढं क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. नकाशावर मोठी रेघ मारली म्हणून पक्षी वाचत नाही, हे सोलापूरकरांनी फार महागात शिकलं.

उलट नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर बघा. गोदावरीवरचा जुना बंधारा, गाळ साचून झालेली बेटं आणि हिवाळ्यात पक्ष्यांची जत्रा. महाराष्ट्राचं भरतपूर अशी त्याची ओळख झाली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि पुढं ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथं गावातलीच मुलं गाइड म्हणून काम करतात. दुर्बीण भाड्यानं मिळते, निरीक्षण मनोरे आहेत. त्याच वर्षी नाथसागरावर जायकवाडी पक्षी अभयारण्यही जाहीर झालं. निजामाच्या काळात सलीम अली फिरले त्याच मराठवाड्यात.

शेवटच्या वर्षांत सन्मान भरपूर आले. १९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्याबरोबर भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा कोश १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण केला. हे रिप्ली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन गुप्तचर खात्यात होते, त्यामुळं पक्ष्यांच्या पायातली कडी म्हणजे हेरगिरी आहे, असाही संशय काहींनी घेतला होता. मग पॉल गेटी पुरस्कार मिळाला, ५० हजार डॉलरचा. ती रक्कम त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या निधीत टाकली. केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये म्हणून आवाज उठवणाऱ्यांत ते होते, आणि ते जंगल वाचलं. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली, त्याच वर्षी द फॉल ऑफ अ स्पॅरो हे आत्मचरित्र आलं. नावातली चिमणी तीच, पिवळ्या ठिपक्याची.

त्यात त्यांनी स्वतःला प्राणिमित्र वगैरे म्हणवून घेतलेलं नाही. अभ्यासासाठी आपण पक्षी मारले, हे त्यांनी लपवलं नाही. निसर्ग वाचवायचा तो विज्ञानासाठी, सौंदर्यासाठी, आणि माणसाला मोकळ्या हवेत आनंद मिळावा यासाठीही, असा त्यांचा हिशोब होता. माणसाला रानाबाहेर हाकलून रान वाचेल, असं ते सहसा मानत नव्हते. भरतपूरच्या म्हशींच्या वेळी मात्र ते तसंच वागले.

१९८७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, प्रोस्टेटच्या कर्करोगानं त्यांचं मुंबईत निधन झालं.

पुढच्या वर्षी गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर खारफुटीचं जंगल त्यांच्या नावानं अभयारण्य झालं. दोन चौरस किलोमीटरही नाही, पण पणजीहून फेरीबोटीनं जाता येतं. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळच्या जुन्या तळ्यालाही सलीम अलींचं नाव आहे. शहराला फिरायला जागा हवी आणि तळ्यातल्या पक्ष्यांना शांतता हवी, ही ओढाताण तिथं कायम चालू असते.

आणि महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. पक्षीमित्र आधीपासून हा सप्ताह करायचे, २०२० पासून राज्य सरकारनं तो अधिकृत केला. त्या आठवड्यात वन खात्याचे लोक आणि पक्षीमित्र शाळेतल्या पोरांना घेऊन जवळच्या तळ्यावर किंवा धरणावर जातात. एक दुर्बीण असते आणि ती हातोहात फिरते.

मराठवाड्यातल्या धरणांवर तेव्हा नुकतेच पाहुणे पक्षी उतरायला लागलेले असतात.